दोन फूट गच्ची

साडूच्या गच्चीचं काम पुरं झालं आणि त्या दिवसापासून मोजणीदारांच्या घशाखाली घास उतरेना.

तसं पाहिलं तर त्यात त्यांचं काही गेलं नव्हतं. एकमेकांना खेटून उभी असलेली सहा जुनी घरं, मधल्या भिंती सामाईक, आणि वर या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच सपाट छप्पर. त्याचे गुडघाभर उंचीच्या लाकडी कठड्यांनी सहा तुकडे केलेले. ज्याच्या घरावर जो तुकडा ती त्याची गच्ची, असं सगळे धरून चालले होते. कोपऱ्यावरचं पहिलं घर कोर्टातल्या बाईंचं, दुसरं मोजणीदारांचं, तिसरं त्यांच्या साडूंचं. साडूंनी आयुष्यभर नदीवरची लाँच या काठावरून त्या काठावर नेली होती, म्हणून सगळी गल्ली त्यांना कप्तान म्हणायची. मोजणीदारांनी तीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजल्या, पण त्यांना कोणी मोजणीदारापलीकडे काही म्हणत नसे. हेही त्यांच्या मनात होतंच.

दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. थोरली ताई कप्तानांकडे आणि धाकटी मोजणीदारांकडे. त्यामुळे मोजणीदारांच्या आयुष्यात शेजारी आणि नातेवाईक अशी दोन वेगळी दुखणी नव्हती, एकातच भागलं होतं. कप्तानांचे केस अजून काळे होते. कप्तानांचे गुडघे कुरकुरत नव्हते. कप्तान घरात आले की धाकटी पदर सारखा करून हसायला तयार व्हायची. मोजणीदार घरात आले की ती विचारायची, "चपला बाहेर काढल्यात ना?"

आणि आता ही गच्ची. जुनं डांबर खरवडून काढलं, कुजक्या फळ्या बदलल्या, वर आगीच्या झोताने तापवून चिकटवलेली जाड काळी डांबरी चादर आणि त्यावर पांढराशुभ्र रंग. कप्तानांनी चार घडीच्या खुर्च्या आणल्या. रोज संध्याकाळी धाकटी "जरा ताईकडे जाऊन येते" म्हणायची आणि थोड्याच वेळात वरून हसण्याचा आवाज यायचा. मोजणीदार खाली वर्तमानपत्र उघडून बसायचे आणि हसणं मोजायचे. सवयच तशी. एका संध्याकाळी सतरा वेळा झालं.

त्या दिवशी जेवताना त्यांनी अगदी सहज विचारतोय असं दाखवून विचारलं, "एवढं काय चाललं होतं वर?"

"काही नाही हो. भाऊजी लाँचवरचा एक किस्सा सांगत होते."

"कुठला?"

धाकटीने थोडा विचार केला. "तुम्हाला सांगून मजा नाही यायची," ती म्हणाली आणि ताट उचलून गेली.

स्वतःच्या गच्चीसाठी धाकटी पाच वर्षं त्यांच्या मागे लागली होती. पाचही वर्षं मोजणीदार "बघू" म्हणत आले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि गच्ची करायची असं जाहीर केलं. धाकटीने आधी त्यांच्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

मिस्त्री तोच बोलवावा लागला, कारण हे काम येणारा गल्लीत दुसरा नव्हता. मोजणीदारांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं की शेजारी केलंय त्याच्यापेक्षा चांगलं पाहिजे. मिस्त्री म्हणाला, शेजारी चांगलंच केलंय. मोजणीदार म्हणाले, मग त्याहून चांगलं. मिस्त्रीने डोकं खाजवलं.

"एक थर जास्त देतो. फायदा काही नाही, पण देतो. फक्त तुमची गच्ची त्यांच्यापेक्षा अर्धा इंच वर येईल, ते चालेल का?"

मोजणीदारांचा चेहरा असा उजळला की मिस्त्रीने आणखी काही विचारलंच नाही.

काम सुरू व्हायचं तर वरच्या मजल्यावरचं सामान हलवायला हवं आणि घरातल्या माणसांनाही. ती सगळी सोय अर्थातच कप्तानांकडे झाली. मोजणीदारांची गादी कप्तानांनी स्वतः डोक्यावरून नेली, तीही शीळ घालत. वर आपला पलंगही देऊन टाकला. "साडूभाऊ, तुम्ही इथे झोपा. मला लाँचवर फळीवर झोपायची सवय आहे." पलंग मोजणीदारांच्या पलंगापेक्षा चांगला होता. ज्या माणसाचा हेवा करायचा त्याच्याच उशीवर डोकं ठेवून तो करायचा, ही फारच अवघड गोष्ट असते. सकाळी उठल्यावर पाठ मोकळी वाटत होती, त्याचाही त्यांना राग आला.

तिसऱ्या दिवशी मिस्त्रीच्या गड्यांनी कप्तानांच्या बाजूच्या कठड्यालगतचं डांबर काढलं आणि पाच-सहा फळ्या उचलल्या. या जुन्या घरांना खाली वेगळं छत नव्हतं. वर छप्पर तेच खाली छत. मोजणीदार वर येऊन त्या भगदाडातून वाकून बघायला लागले. खाली त्यांचीच झोपायची खोली होती. कप्तानांच्या बाजूच्या भिंतीत बसवलेलं, हलवता न आलेलं कपाट होतं, चादर टाकून झाकलेलं. म्हणजे अर्धं कपाट होतं. उरलेलं अर्धं कठड्याच्या पलीकडे, कप्तानांच्या पांढऱ्याशुभ्र गच्चीखाली गेलं होतं.

मोजणीदारांनी चष्मा पुसला आणि परत बघितलं. मग ते गुडघे विसरून जिना उतरले, टेप घेऊन आले, आतून मोजलं, बाहेरून मोजलं, वरून मोजलं. कठडा भिंतीवर नव्हताच. तो भिंतीपासून दोन फूट अलीकडे, त्यांच्या घरात शिरला होता. ज्या पांढऱ्या पट्ट्यावर वारा सगळ्यात छान लागतो, जिथे कप्तान रोज संध्याकाळी खुर्ची टाकून किस्से सांगतात, तो पट्टा मोजणीदारांचा होता. तीस वर्षं गावोगावच्या हद्दी मोजणाऱ्या माणसाने आपल्या घराला कधी टेप लावली नव्हती. पण त्या क्षणी त्यांना त्याचं काही वाटलं नाही. निवृत्तीच्या समारंभातही त्यांना एवढा आनंद झाला नव्हता.

त्या संध्याकाळी गच्चीवर मंडळी जमल्यावर मोजणीदार पहिल्यांदाच आपणहून वर आले. हातात खडू होता. ते वाकले आणि गच्चीच्या पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत एक सरळ रेघ ओढत गेले. रेघ कप्तानांच्या खुर्चीच्या बरोबर खालून गेली. मग ते उभे राहिले आणि कचेरीतल्या आवाजात म्हणाले, की रेघेच्या अलीकडचा भाग मोजणीनुसार दुसऱ्या घराच्या हद्दीत येतो.

कप्तानांनी रेघेकडे पाहिलं. उठले, आपली खुर्ची रेघेपलीकडे ठेवली आणि बसले. मग एक रिकामी खुर्ची पायाने अलीकडे सरकवली.

"ही तुमच्या हद्दीत. या, बसा."

मोजणीदार बसले नाहीत. भांडायला आलेल्या माणसाला खुर्ची दिली की त्याने करायचं काय? एवढ्यात धाकटीच्या काहीतरी लक्षात आलं.

"अहो, म्हणूनच आपल्या खोलीतलं गळायचं थांबलं," ती म्हणाली. "भाऊजींनी ही बाजू केली म्हणून. आणि तुम्ही म्हणत होतात, मी खालून पुट्टी भरली म्हणून थांबलं."

ताईला हसू आवरेना. मग धाकटीला आवरेना. कप्तानांनी मात्र हसू दाबलं, आणि तेच मोजणीदारांना सगळ्यात जास्त लागलं. कठडा हललाच पाहिजे, असं त्यांनी तिथल्या तिथे सांगितलं. कप्तान म्हणाले, हलवा की, मिस्त्री इथेच आहे. त्यांनी जरा तरी आढेवेढे घ्यायला हवे होते. मोजणीदारांची निम्मी मजा तिथेच गेली.

रात्री जेवताना धाकटी फक्त एकच वाक्य बोलली. "ज्यांच्या पलंगावर झोपताय, त्यांच्या खुर्चीखाली रेघ मारून आलात." बाकी वेळ तिने त्यांना आमटी वाढली, पण बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने एक साधी शंका काढली. हा कठडा दोन फूट सरकवायचा तर कोपऱ्याच्या बाजूचाही एकदा मोजून घ्यावा का? मोजणीदार म्हणाले, त्या बाजूचा काय संबंध? तिकडची काही तक्रार नाही. मिस्त्रीने मान हलवली आणि ठरल्या कामाप्रमाणे गड्यांना तिकडचं डांबर काढायला लावलं. तासाभरात कठड्यालगतच्या चार फळ्या उचलल्या गेल्या आणि खालून शांत, स्पष्ट आवाज आला.

"वर कोण आहे?"

गडी दोन पावलं मागे सरकले. मोजणीदारांनी वाकून पाहिलं. खाली त्यांची खोली नव्हती. खाली एक टेबल होतं, भिंतभर पुस्तकं होती, चहाचा कप होता, आणि कपाजवळ बसून कोर्टातल्या बाई वर बघत होत्या. त्यांच्या पांढऱ्या केसांवर डांबराचा भुगा पडला होता आणि चहातही पडला असावा, कारण त्यांनी कप लांब सारला होता.

बाई चौतीस वर्षं कोर्टात लघुलेखक होत्या. साक्षीदार, वकील, न्यायाधीश, जो जे बोलेल ते सगळं त्यांनी कागदावर उतरवलं होतं. आवाज चढवायची त्यांना कधी गरजच पडली नव्हती.

"मोजणीदार, तुम्ही माझ्या खोलीचं छप्पर काढलंत," त्या म्हणाल्या.

"बाई, ही माझी गच्ची आहे."

"असेल. पण खाली मी आहे."

बाई उठल्या, कपाटातून जुनी वही काढली आणि पानं उलटत मान वर करून सांगू लागल्या. अकरा वर्षांपूर्वी या भिंतीवरून पाणी झिरपत होतं म्हणून त्या मोजणीदारांकडे गेल्या होत्या. त्यांचं उत्तर बाईंनी घरी येऊन लगेच उतरवून ठेवलं होतं. चष्मा सारखा करून त्यांनी ते वाचलं.

"'बाई, तुमच्या डोक्यावर तुमचं छप्पर. माझ्या छपराचं पाणी काय पायी चालत तुमच्या खोलीत येणार आहे?' पुढे कंसात लिहिलंय, हसतात."

तोपर्यंत आवाज ऐकून कप्तान, ताई आणि धाकटी कठडा ओलांडून आले होते. मिस्त्रीच्या डोक्यात प्रकाश पडला होता आणि तो सगळ्यांना समजावून सांगत होता. पूर्वी कोणीतरी हे कठडे घातले तेव्हा वरच्या वर टेप धरून लांबीचे सहा सारखे भाग केले असणार. कोपऱ्याचं घर बाकीच्यांपेक्षा रुंद आहे, हे खाली उतरून बघितल्याशिवाय त्याला कसं कळणार? म्हणून प्रत्येक कठडा कोपऱ्याकडे सरकलेला. कोपऱ्याजवळचा सगळ्यात जास्त.

"मग मोजा," बाई खालून म्हणाल्या. "मोजणीदार तर तिथेच आहेत."

टेपचं एक टोक कप्तानांनी कठड्याशी धरलं, दुसरं मोजणीदारांच्या हातात आलं. भिंतीची कड समोर उघडी पडली होती. टेप जरा सैल सोडली, अंगठा थोडा पुढे ठेवला, तर चार-सहा इंच कुठल्या कुठे गेले असते. बाईंना खालून आकडा दिसत नव्हता, आणि कप्तानांना टेपमधलं काही कळत नव्हतं. मोजणीदारांच्या आयुष्यात अशी वेळ बऱ्याचदा आली होती. मोठमोठ्या माणसांनी त्यांच्यासमोर उभं राहून खाकरून दाखवलं होतं, आणि एकदाही त्यांचा अंगठा हलला नव्हता. पण तेव्हा दोन्ही बाजूंच्या जमिनी दुसऱ्यांच्या होत्या.

त्यांनी टेप ताणली. आणखी ताणली. आकडा वाचला.

"अडीच फूट."

"म्हणजे इकडे तुमचे दोन गेले, तिकडे बाईंचे अडीच आले," कप्तानांनी बोटांवर हिशेब केला. "साडूभाऊ, अर्धा फूट तुम्हीच वर आहात की."

त्यांच्या बोलण्यात खोच नव्हती, म्हणून ते जास्तच टोचलं. बाई म्हणाल्या, मोजणीदारांनी मागितलाय तोच न्याय पुरे, दोन्ही कठडे आपापल्या भिंतीवर जाऊ देत. आणि मोजणीदारांना कळलं की एवढा आटापिटा करून त्यांची गच्ची कालच्यापेक्षा अर्ध्या फुटाने अरुंद होणार.

हे सगळं चालू असताना आभाळाकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. ऋतू पावसाचा नव्हता. तरी आधी चार थेंब मिस्त्रीच्या टकलावर पडले आणि मग एकदम सर कोसळली. दोन घरांची छपरं उघडी होती. ताई आणि धाकटी पुस्तकं हलवायला बाईंच्या घरी धावल्या. कप्तान नाहीसे झाले आणि मिनिटभरात लाँचवरची भलीमोठी ताडपत्री खांद्यावर घेऊन आले. त्यांनी भराभर दोऱ्या टाकल्या, गाठी मारल्या, मिस्त्रीला इकडे आणि गड्यांना तिकडे उभं केलं. मोजणीदारांच्या हातात एक कोपरा आला. बाईंच्या भिंतीवर उभं राहून, पागोळ्यांसारखे निथळत, ते कप्तानांच्या गाठींकडे बघत राहिले. एकही गाठ सुटत नव्हती. हेही येतं या माणसाला, त्यांच्या मनात आलं, आणि पाऊस असूनही त्यांचं अंग तापलं.

सर ओसरली तेव्हा धाकटी त्यांच्यासाठी टॉवेल घेऊन वर आली. कालपासून तिने पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"तुम्ही अंगठा नाही सरकवलात," ती हळूच म्हणाली. "मी बघत होते."

मोजणीदारांनी डोकं पुसलं. विचारू नये असं वाटत होतं, तरी विचारलंच. "कप्तानांनी सरकवला असता?"

"भाऊजींना टेप कुठल्या बाजूने धरायची तेच माहीत नाही."

पंचवीस वर्षांच्या संसारात इतकं गोड वाक्य मोजणीदारांनी ऐकलं नव्हतं. त्यांनी ते मनात दोनदा म्हणून बघितलं. मग ते खडूची रेघ पावसाने धुतली गेली का ते बघायला गेले, आणि जिथे थोडी उरली होती तिथे पायाने पुसून टाकली.

बाईंशी तडजोड ताईच्या स्वयंपाकघरात चहावर झाली. कठडे आहेत तिथेच राहू देत, असं मोजणीदार स्वतःच म्हणाले आणि आजवरच्या ओलीबद्दल माफीही मागितली. बाईंनी ती वहीत लिहून घेतली. त्यांनी एकच अट घातली. त्यांच्या घराचा गच्चीचा जिना, त्या राहायला येण्याआधीच, कोणीतरी पुढे दुकान काढलं तेव्हा पाडला होता, त्यामुळे आपली गच्ची त्यांनी आजवर पाहिलीच नव्हती. "माझी अडीच फूट जागा तुमच्या कठड्याच्या आत आहे. संध्याकाळी मी तिथे येऊन बसणार. तुमच्या जिन्याने." कोणालाच नाही म्हणता आलं नाही.

पंधरा दिवसांनी गच्ची झाली. पांढरीशुभ्र, एक थर जास्त, शेजारच्यापेक्षा अर्धा इंच उंच. पहिल्या संध्याकाळी मोजणीदारांनी सगळ्यांना वर बोलावलं. बाई वेताची खुर्ची घेऊन आल्या, आपल्या पट्ट्यात बरोबर मावेल अशी ठेवली आणि बसल्या. मग त्यांनी एका साक्षीदाराची गोष्ट काढली. आपण त्या दिवशी गावात नव्हतो हे सिद्ध करायला त्याने शेजारणीला साक्षीला आणलं, आणि शेजारीण म्हणाली, हा तर त्या दिवशी माझ्याच घरी होता. त्याची बायको मागच्या बाकावर बसली होती. बाईंनी शेजारणीचा आवाज काढला, वकिलाचा काढला, बायकोचा काढला. इतकी वर्षं फक्त ऐकून लिहिलेलं सगळं आता तोंडावाटे बाहेर पडत होतं. धाकटीच्या डोळ्यांतून पाणी आलं. ताईची खुर्ची हसता हसता सरकत सरकत बाईंच्या पट्ट्याला जाऊन टेकली.

"लाँचवर एकदा असाच एक प्रवासी," कप्तानांनी मध्येच सुरुवात केली.

"तो माहितीये हो, छत्रीवाला," ताई त्यांच्याकडे न बघता म्हणाली. "थांबा जरा. बाई, मग त्या बायकोने काय केलं?"

कप्तान थांबले. मग उठून मोजणीदारांशेजारच्या खुर्चीत येऊन बसले. पलीकडे परत हशा उसळला. मोजणीदारांनी सवयीने मोजला. नऊ.

कप्तानांनी घसा खाकरला आणि मोजणीदारांच्या कानाकडे वाकले.

"साडूभाऊ, ते बाईंचं अंतर. टेप ताणलेली होती ना नक्की?"

"होती."

"नाही, मला वाटलं माझ्या बाजूला जरा सैल असेल. मला कुठे कळतं त्यातलं." कप्तानांनी एकदा त्या वेताच्या खुर्चीकडे बघून घेतलं. "उद्या सकाळी परत एकदा मोजून बघायला काय हरकत आहे? अडीच म्हणजे जरा जास्तच वाटतं हो."

मोजणीदारांनी वळून त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. हाच चेहरा ते रोज सकाळी दाढी करताना आरशात बघत आले होते. त्यांनी आपली खुर्ची उचलली आणि कप्तानांच्या अगदी जवळ नेऊन ठेवली.

"ते राहू द्या," ते मायेने म्हणाले. "तो छत्रीवाला सांगा बघू मला. मी नाही ऐकलेला."